माहिती तंत्रज्ञान आणि संस्थांचे व्यूहात्मक निर्णय : मुंबईतील शेअर बाजारांच्या संगणकीकरणाचा ऐतिहासिक अभ्यास (१९९० ते २०२१)

प्रस्तावना

उद्योगसंस्थांच्या कारभारात संगणकाचा प्रवेश झाल्यापासून व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासकांपुढे एक प्रश्न सातत्याने उभा राहिला आहे. संस्थेचे सूत्रधार जे मोठे व दूरगामी निर्णय घेतात, त्यांवर माहिती तंत्रज्ञानाचा परिणाम नेमका कोणत्या मार्गाने होतो? १९५८ मध्ये हॅरॉल्ड लेविट आणि थॉमस व्हिस्लर यांनी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मधील आपल्या लेखात 'माहिती तंत्रज्ञान' ही संज्ञा आजच्या अर्थाने योजिली आणि या तंत्रामुळे मधल्या फळीतील व्यवस्थापकांचे महत्त्व कमी होऊन निर्णयाधिकार वरच्या पातळीवर एकवटेल, असे भाकीत केले. हर्बर्ट सायमन यांनी १९६० मध्ये निर्णयांचे दोन वर्ग पाडले : ठराविक नियमांनी सोडविता येणारे नित्याचे निर्णय, आणि ज्यांसाठी तयार नियम नसतो असे निर्णय. पहिल्या वर्गातील निर्णय यंत्राकडे सोपविणे सुलभ असते; संस्थेने कोणत्या क्षेत्रात उतरावे, कोणास प्रवेश द्यावा, भांडवल कोठे गुंतवावे, प्रतिस्पर्ध्यास कसे तोंड द्यावे, हे व्यूहात्मक निर्णय प्रामुख्याने दुसऱ्या वर्गात मोडतात.

आपल्याकडील क्रमिक पुस्तकांत या प्रश्नाचे उत्तर बहुधा एका वाक्यात दिले जाते : संगणकामुळे अचूक माहिती त्वरित मिळते व त्यामुळे निर्णय अधिक चांगले होतात. हे विधान खोटे नाही, परंतु अपुरे आहे. एकच तंत्रज्ञान उपलब्ध असता एक संस्था वाढते, दुसरी उशिरा सावरते आणि तिसरी बंद पडते, याचा उलगडा त्यातून होत नाही. प्रस्तुत निबंधात मुंबईतील शेअर बाजारांच्या संगणकीकरणाच्या इतिहासाआधारे या प्रश्नाचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. शेअर बाजार ही अशी संस्था आहे की, जिचा मुख्य माल माहिती हाच असतो. भाव ठरविणे आणि तो सर्वांना कळविणे हेच तिचे उत्पादन होय. त्यामुळे माहितीचे साधन बदलले म्हणजे संस्थेच्या निर्णयांवर काय परिणाम होतो, हे येथे विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळते.

दलाल स्ट्रीटवरील जुनी व्यवस्था

मुंबईतील दलालांनी १८७५ मध्ये आपली संघटना स्थापन केली. तीच पुढे मुंबई शेअर बाजार म्हणून ओळखली जाऊ लागली. रोखे करार (नियमन) कायदा १९५६ मध्ये संमत झाल्यावर त्याखाली कायमची मान्यता मिळविणारा हा देशातील पहिला बाजार ठरला. १९९०च्या दशकाच्या आरंभापर्यंत येथील व्यवहार रिंगणात उभे राहून, ओरडून आणि हाताच्या खुणा करून होत असत. ठराविक शेअर्समध्ये सतत खरेदी-विक्रीची तयारी दाखविणारे जॉबर दोन भाव सांगत. दलाल सौदा ठरवून आपल्या वहीत टिपून घेत. संस्थेचे सभासद दलाल, तिचे मालक दलाल आणि तिच्या नियामक मंडळात वर्चस्वही दलालांचेच, अशी ही रचना होती.

या व्यवस्थेत माहितीची वाटणी अत्यंत विषम होती. रिंगणात उभ्या असलेल्या व्यक्तीस त्या क्षणीचा भाव ठाऊक असे. मुंबईतील कचेरीत बसलेल्या ग्राहकास तो दूरध्वनीने काही वेळाने कळे. आणि परभणी जिल्ह्यातील राणीसावरगावसारख्या गावी राहणाऱ्या एखाद्या शिक्षकाने शेअर घ्यावयाचे ठरविले असते, तर त्याला दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रातील दिवसभराच्या उच्चतम व नीचतम भावावरच समाधान मानावे लागले असते. आपला सौदा नेमका किती वाजता व कोणत्या भावाने झाला, हे पडताळून पाहण्याचे साधन ग्राहकाजवळ नव्हते. भावातील हा अंधुकपणा दलालाच्या उत्पन्नाचा एक स्रोत होता, ही गोष्ट पुढील घटनाक्रम समजून घेण्यासाठी महत्त्वाची आहे.

संगणक या काळात देशाला अपरिचित नव्हता. मुंबईतच टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आपला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित केला होता. बँकांच्या संगणकीकरणासंबंधी डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला होता. रेल्वेच्या आरक्षणाचे संगणकीकरण १९८०च्या दशकाच्या मध्यास दिल्लीत सुरू झाले होते. परदेशात अमेरिकेतील नॅसडॅक हा बाजार १९७१ पासून संगणकाच्या जाळ्यावर चालत होता, आणि २७ ऑक्टोबर १९८६ रोजी लंडनच्या बाजारात झालेल्या मोठ्या सुधारणांनंतर तेथील रिंगण अल्पावधीत ओस पडले होते. म्हणजेच उणीव यंत्राची नव्हती. रिंगणाऐवजी पडदा आणावयाचा, तर भाव सर्वांना एकाच वेळी दिसू लागणार होता. आणि हा निर्णय ज्यांनी घ्यावयाचा, त्यांच्याच उत्पन्नाच्या एका भागावर त्यामुळे पाणी सोडावे लागणार होते.

पहिला प्रयोग : ओव्हर द काउंटर एक्स्चेंज

भारतात संगणकाच्या पडद्यावरील शेअर व्यवहारांचा आरंभ राष्ट्रीय शेअर बाजाराने केला, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः हा मान 'ओव्हर द काउंटर एक्स्चेंज ऑफ इंडिया' या मुंबईतील संस्थेकडे जातो. युनिट ट्रस्ट, आयसीआयसीआय, आयडीबीआय, आयुर्विमा महामंडळ आदी वित्तसंस्थांनी १९९० मध्ये तिची स्थापना केली आणि १९९२ मध्ये तिचे व्यवहार सुरू झाले. नॅसडॅकचा नमुना समोर ठेवून उभारलेल्या या बाजारात रिंगण नव्हते, आणि त्याची मालकीही दलालांकडे नव्हती.

असे असूनही हा बाजार कधीच नीट रुजला नाही आणि अखेर २०१५ मध्ये त्याने बाजार म्हणून असलेली मान्यता सोडली. कारण त्याच्या मूळ व्यूहात होते. लहान व नवोदित कंपन्यांना भांडवल मिळावे, हा त्याचा हेतू स्तुत्य होता. परंतु अशा कंपन्यांच्या शेअर्सना घेणारे-विकणारे मुळातच थोडे. प्रत्येक कंपनीस पुरस्कर्ता लागे आणि भाव सांगण्याची जबाबदारी थोड्या मध्यस्थांवर असे. ज्या मोठ्या कंपन्यांच्या शेअर्समध्ये देशातील खरी उलाढाल होत होती, त्या दलाल स्ट्रीटवरच राहिल्या. पडदा होता, पण त्यावर पाहण्यासारखे फारसे काही नव्हते. तंत्रज्ञानाची उपलब्धता व्यूहात्मक निर्णयाची जागा घेऊ शकत नाही, हे दाखविणारा हा आपल्याकडील एक प्रारंभीचा पुरावा होय.

राष्ट्रीय शेअर बाजाराचे चार निर्णय

एम. जे. फेरवानी यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९९१ मध्ये राष्ट्रीय पातळीवरील बाजाराची शिफारस केली. एप्रिल १९९२ मध्ये रोखे गैरव्यवहार उघडकीस आला आणि जुन्या व्यवस्थेवरील विश्वासास मोठा तडा गेला. याच वर्षी सेबीला वैधानिक अधिकार प्राप्त झाले, आणि नोव्हेंबर १९९२ मध्ये आयडीबीआयच्या पुढाकाराने राष्ट्रीय शेअर बाजार ही कंपनी नोंदविण्यात आली. डॉ. आर. एच. पाटील हे तिचे पहिले व्यवस्थापकीय संचालक होते. ३० जून १९९४ रोजी कर्जरोख्यांचे आणि ३ नोव्हेंबर १९९४ रोजी शेअर्सचे व्यवहार सुरू झाले.

या संस्थेच्या आरंभीच्या काळातील चार निर्णय येथे विचारात घ्यावयाचे आहेत. पहिला निर्णय मालकीचा. बाजाराची मालकी वित्तसंस्थांकडे, व्यवस्थापन पगारी तज्ज्ञांकडे आणि व्यवहाराचा हक्क दलालांकडे, अशी तीन अंगांची फारकत करण्यात आली. जुन्या बाजारात सभासदत्वाचे 'कार्ड' ही विकत घ्यावयाची मालमत्ता होती. येथे पुरेसे भांडवल व ठेव असलेल्यास प्रवेश मिळू लागला.

दुसरा निर्णय दळणवळणाच्या साधनाचा. त्या काळातील दूरध्वनीच्या तारांवर देशव्यापी बाजार चालविणे शक्य नव्हते. म्हणून उपग्रहाशी थेट जोडणाऱ्या लहान थाळ्यांचे, म्हणजे व्हीसॅटचे, जाळे उभारण्याचे ठरले. वरवर पाहता ही अभियंत्यांची बाब वाटते; परंतु बाजार मुंबईपुरता राहणार की देशभर पसरणार, याचा निकाल त्यात होता. तिसरा निर्णय सौदे जुळविण्याच्या पद्धतीचा. खरेदी व विक्रीच्या मागण्या संगणकात नोंदवाव्यात, चांगला भाव देणाऱ्यास प्रथम व समान भाव असल्यास आधी आलेल्यास प्राधान्य मिळावे, आणि समोरचा कोण आहे हे कोणासही कळू नये, अशी ती पद्धत होती. तिच्यात ओळखीला, आवाजाला आणि रिंगणातील जागेला किंमत उरली नाही. त्याच वेळी अन्य बाजारांत नोंदलेल्या मोठ्या कंपन्यांच्या शेअर्सनाही येथे व्यवहाराची परवानगी देण्यात आली. ओव्हर द काउंटर एक्स्चेंजने जे टाळले होते, ते येथे हेतुपुरस्सर करण्यात आले : स्पर्धा थेट दलाल स्ट्रीटच्या मुख्य मालातच सुरू झाली.

चौथा निर्णय विश्वासाचा. अनोळखी माणसाशी सौदा करावयाचा, तर तो पैसे देईल याची हमी कोणी द्यावयाची? १९९५ मध्ये स्वतंत्र समाशोधन महामंडळ स्थापण्यात आले आणि १९९६ पासून प्रत्येक सौद्यात दोन्ही पक्षांसमोर तेच हमीदार म्हणून उभे राहू लागले. नोव्हेंबर १९९६ मध्ये राष्ट्रीय रोखे निक्षेपागार कार्यान्वित होऊन शेअरचा कागद नाहीसा होऊ लागला. सही न जुळणे, टपालात प्रमाणपत्र गहाळ होणे, बनावट प्रमाणपत्रे निघणे, या ग्राहकास छळणाऱ्या आपत्ती त्यामुळे क्रमाक्रमाने दूर झाल्या. पडद्यावरील अनामिक सौद्यास ही हमी नसती, तर चांगला भाव दिसूनही तो स्वीकारण्याचे धाडस फार थोड्यांनी केले असते.

व्यवहार सुरू झाल्यानंतर वर्षाच्या आत, ऑक्टोबर १९९५ मध्ये, राष्ट्रीय शेअर बाजाराची उलाढाल मुंबई शेअर बाजारापेक्षा अधिक झाली. सुमारे एकशेवीस वर्षांचे वर्चस्व एका वर्षात मोडले.

मुंबई शेअर बाजाराचा प्रतिसाद

मुंबई शेअर बाजाराने १४ मार्च १९९५ रोजी 'बोल्ट' ही संगणकीय व्यवहारप्रणाली सुरू केली. सीएमसी या तत्कालीन सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीचे साहाय्य तिला लाभले होते. प्रतिस्पर्ध्याने शेअर व्यवहार सुरू केल्यापासून अवघ्या चार-साडेचार महिन्यांत ही प्रणाली प्रत्यक्षात आली आणि त्याच वर्षी रिंगण इतिहासजमा झाले. अनेक वर्षे लांबलेली गोष्ट इतक्या थोड्या अवधीत घडावी, यातच तिचा अर्थ दडलेला आहे. तंत्रज्ञानाने येथे निर्णय सुचविला नाही. निर्णय न घेण्याची किंमत मात्र वाढविली. जोवर सर्वच ग्राहकांना अंधुक भावावर विसंबावे लागत होते, तोवर तो अंधुकपणा फायद्याचा होता. स्पष्ट भाव दाखविणारा दुसरा पडदा त्याच शहरात उभा राहताच तो तोट्याचा ठरला.

येथे जुन्या बाजाराविषयी न्यायाने बोलावयास हवे. रिंगणातील जॉबर हा केवळ अडथळा नव्हता. कोणी घेणारा नसता आपल्या जोखमीवर शेअर घेऊन ठेवण्याचे, आणि अनेक लहान शेअर्सना भाव मिळवून देण्याचे काम तो करीत असे. पडदा आल्यावर त्याचे हे कौशल्य निरुपयोगी झाले. शिवाय आरंभी बोल्टचा विस्तार मुंबईपुरता मर्यादित होता. शहराबाहेर जाण्याची वाट त्याला १९९६-९७ मध्ये मोकळी झाली. तोवर देशातील अनेक शहरांतील दलालांच्या कचेऱ्यांत प्रतिस्पर्ध्याचे पडदे पोहोचले होते. जेथे अधिक लोक व्यवहार करतात तेथे भाव चांगला मिळतो, आणि जेथे भाव चांगला मिळतो तेथे अधिक लोक येतात, हा बाजाराचा स्वभावच आहे. त्यामुळे थोड्या महिन्यांचा उशीरही भरून निघाला नाही.

मालकीचा प्रश्न याहून अधिक काळ रेंगाळला. पडदा १९९५ मध्ये आला. परंतु दलालांच्या संघटनेचे कंपनीत रूपांतर २००५ मध्ये झाले, तेही २००१ मधील बाजारातील अरिष्टानंतर शासनाने त्याविषयी निश्चित भूमिका घेतल्यावर. यंत्र बदलावयास काही महिने पुरले, सत्तेची रचना बदलावयास दहा वर्षे लागली. अल्फ्रेड चँडलर यांनी १९६२ मध्ये मांडलेला सिद्धांत असा की, संस्थेची रचना तिच्या व्यूहामागून बदलत जाते. मुंबईतील अनुभवावरून त्यास एक पुरवणी जोडता येईल : रचना जर निर्णयकर्त्यांच्या लाभाशी बांधलेली असेल, तर ती व्यूहालाच अडवून धरते.

प्रादेशिक बाजारांची शोकांतिका

या बदलाची सर्वांत मोठी किंमत मुंबईबाहेरील बाजारांनी मोजली. देशात तेव्हा वीसहून अधिक शेअर बाजार होते. महाराष्ट्रात मुंबईखेरीज पुण्याचा बाजार होता. तो १९८२ मध्ये स्थापन झाला होता. या बाजारांचे अस्तित्व अंतरावर अवलंबून होते. स्थानिक कंपनीचा शेअर स्थानिक माणसास घेता यावा, ही त्यांची उपयुक्तता. उपग्रहाने अंतर पुसले आणि त्याबरोबर ती उपयुक्तताही पुसली गेली.

या बाजारांनी संगणक घेतले नाहीत, असे झाले नाही. त्यांतील अनेकांनी पडद्यावरील व्यवहार सुरू केले. इतकेच नव्हे, तर अनेक प्रादेशिक बाजारांनी एकत्र येऊन १९९८ मध्ये 'इंटरकनेक्टेड स्टॉक एक्स्चेंज' ही संस्था नवी मुंबईतील वाशी येथे उभी केली आणि आपापले पडदे एकमेकांस जोडले. परंतु तोवर ग्राहक गेलेला होता. पुढे अनेक बाजारांनी उपकंपन्या काढून मुंबईतील दोन मोठ्या बाजारांचे सभासदत्व घेतले, आणि ज्यांनी स्वतंत्र बाजार म्हणून जन्म घेतला ते प्रतिस्पर्ध्याच्या खिडक्या होऊन राहिले. सेबीने माघारीचा मार्ग आखून दिल्यावर इंटरकनेक्टेड एक्स्चेंजने २०१४ मध्ये आणि पुण्याच्या बाजाराने २०१५ मध्ये मान्यता सोडली. मराठवाड्यातील गुंतवणूकदारास देशातील सर्वोत्तम भाव घरबसल्या मिळू लागला, हा लाभ खरा आहे. परंतु प्रदेशातील लहान कंपनीकडे आस्थेने पाहणारी प्रादेशिक बाजारपेठ त्याबरोबर लोपली, हा तोटाही तितकाच खरा आहे.

२४ फेब्रुवारी २०२१ : यंत्र थांबते तेव्हा

संगणकीकरण पूर्ण झाल्यावर व्यूहात्मक निर्णयांची गरज संपते काय? २४ फेब्रुवारी २०२१ या दिवसाचा अनुभव वेगळेच सांगतो. त्या दिवशी दूरसंचार जोडण्यांत बिघाड होऊन त्याचा परिणाम जोखीम-नियंत्रणाच्या यंत्रणेवर झाला आणि राष्ट्रीय शेअर बाजारातील व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबविण्यात आले. ते दुपारी ३ वाजून ४५ मिनिटांनी पुन्हा सुरू झाले व त्या दिवसापुरती वेळ ५ वाजेपर्यंत वाढविण्यात आली. मधल्या काळात मुंबई शेअर बाजार चालू होता.

अशा प्रसंगासाठी बाजाराजवळ दुसऱ्या ठिकाणी पर्यायी यंत्रणा सज्ज होती. तिच्यावर व्यवहार वळवावयाचे की मूळ यंत्रणा दुरुस्त होण्याची वाट पाहावयाची, हे मात्र माणसांना ठरवावयाचे होते आणि त्यांनी वाट पाहण्याचे ठरविले. मार्च २०२१ मध्ये सेबीने नियम अधिक कडक करून बिघाडानंतर ३० मिनिटांच्या आत आपत्ती घोषित करण्याचे आणि त्यानंतर ४५ मिनिटांत पर्यायी यंत्रणेवर जाण्याचे बंधन घातले. सायमन यांच्या परिभाषेत सांगावयाचे तर, तयार नियम नसलेला एक निर्णय या दिवसानंतर नियमबद्ध निर्णयांच्या यादीत गेला. तंत्रज्ञान आणि व्यूह यांचा संबंध असाच पुढे सरकतो : एक निर्णय यंत्राच्या वा नियमाच्या हाती जातो आणि माणसापुढे त्याहून अवघड असा दुसरा येऊन उभा राहतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, माहिती तंत्रज्ञान व्यूहात्मक निर्णय घेत नाही आणि केवळ त्याच्या उपस्थितीने तो सुधारतही नाही. ओव्हर द काउंटर एक्स्चेंज, राष्ट्रीय शेअर बाजार व इंटरकनेक्टेड एक्स्चेंज या तिघांजवळही पडदा होता. यश एकासच लाभले, कारण कोणता माल, कोणाची मालकी आणि कोणाची हमी या प्रश्नांची उत्तरे त्याने योग्य वेळी दिली. दुसरा असा की, तंत्रज्ञानाचा खरा प्रभाव निर्णय टाळण्याच्या किमतीवर पडतो. प्रतिस्पर्धी जेव्हा माहिती उघडी करतो, तेव्हा ती झाकून ठेवणाऱ्यास नफ्याऐवजी नुकसान सोसावे लागते. तिसरा असा की, माहितीच्या विषम वाटणीतून ज्यांना लाभ होतो, त्यांच्याच हाती संगणकीकरणाचा निर्णय असेल, तर तो बाहेरील दडपणावाचून होणे कठीण असते.

हे निष्कर्ष शेअर बाजारापुरते मर्यादित नाहीत. १४ एप्रिल २०१६ रोजी केंद्र शासनाने कृषी उत्पन्नासाठी 'ई-नाम' हा राष्ट्रीय संगणकीय बाजार सुरू केला. मुंबईच्या अनुभवाच्या आधारे त्याच्याकडे पाहिल्यास बाजार समितीत संगणक बसला काय, हा प्रश्न दुय्यम ठरतो. प्रतवारीची खात्री कोण देतो, पैसे मिळण्याची हमी कोणाची आहे, दूरच्या व्यापाऱ्यास बोली लावण्याचा खरा हक्क आहे काय, आणि समितीचे निर्णय घेणाऱ्यांचे हित भाव उघड होण्यात आहे की झाकलेला राहण्यात, हे प्रश्न आधी विचारावे लागतात. सोयाबीन वा कापूस घेऊन आलेल्या शेतकऱ्यास पडद्यावरील भावाचा उपयोग किती होईल, हे या प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून राहील. वाणिज्य, अर्थशास्त्र, इतिहास आणि राज्यशास्त्र या विषयांच्या अभ्यासकांनी आपल्या परिसरातील बाजार समित्या, सहकारी बँका व साखर कारखाने यांच्या संगणकीकरणाचा इतिहास या दृष्टीने तपासल्यास हाती येणारी माहिती अध्यापनास आणि धोरणास सारखीच उपकारक ठरेल.